'ऑडिट केलेलं नाही' असं लिहिलं की सुटलो?

छोट्या धंद्याचे हिशेब तयार करताना आपण अकाउंटंट शेवटी एक ओळ टाकतो : हे हिशेब ऑडिट केलेले नाहीत, आम्ही कसलीही हमी देत नाही. ओळ खरीच आहे. पण ती लिहिली की डोळे मिटायला मोकळे, असं बऱ्याच जणांनी धरून ठेवलंय. माझं भांडण आहे ते या समजुतीशी.

कामाची हद्द आधी मान्य करू. मालक बिलं आणि बँकेचं स्टेटमेंट देतो. आपण वह्यांची बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवणी करतो, तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी) काढतो, घसारा (वापराने घटलेली मालमत्तेची किंमत) धरतो, ताळेबंद मांडतो. आंतरराष्ट्रीय मानक ४४१० याला संकलन म्हणतं. आपण माल मोजायला गोदामात जात नाही, ज्यांच्याकडून पैसे येणं आहे त्यांना खात्री करायला पत्रं पाठवत नाही. आकड्यांची जबाबदारी मालकाची.

पण समजा, रोख खात्यात महिन्याच्या मध्यावर उणे शिल्लक दिसली. गल्ल्यात शून्यापेक्षा कमी पैसे असतील कसे? एक तर विक्री नोंदायची राहिली, किंवा मालकाने खिशातले पैसे घातले आणि सांगितलं नाही. हे दिसायला ऑडिट लागत नाही. तरी कितीतरी जण 'मालकाकडून उसने' अशी नोंद ठोकून मोकळे होतात. न विचारता केलेली अशी नोंद म्हणजे आपणच रचलेला व्यवहार! सस्पेन्स खात्याचंही, म्हणजे उलगडा न झालेल्या रकमा तात्पुरत्या टाकायच्या खात्याचंही, तेच. ते वाटेतला थांबा म्हणून ठीक आहे, वर्षअखेरीला तिथे रक्कम पडून राहिली तर मालकाला विचारायलाच हवं.

न्यूयॉर्कमध्ये '११३६ टेनंट्स कॉर्पोरेशन'चा खटला गाजला होता. रहिवाशांच्या सहकारी संस्थेचा व्यवस्थापक पैसे खात होता. अकाउंटंट फर्मचा मेहनताना वर्षाला फक्त ६०० डॉलर. 'आमचं काम वह्या लिहिण्याचं, ऑडिटचं नव्हतंच,' असा तिचा बचाव होता. पण तिच्याच कामाच्या कागदांत 'न मिळालेली बिलं' या मथळ्याचा तक्ता निघाला, आणि त्याबद्दल संस्थेला कुणी काही कळवलं नव्हतं. १९७१ मध्ये अपील न्यायालयानेही फर्मलाच दोषी धरलं. भरपाई सुमारे २,३७,००० डॉलर. काम नुसतं वह्या लिहिण्याचं असतं तरी संशयास्पद दिसलेलं सांगायला हवं होतं, असं न्यायालयाने म्हटलं.

मला त्या फर्मची थोडी दयाही येते. बिलं गहाळ आहेत हे तिच्या माणसाने नीट टिपून ठेवलं होतं. सांगायचं तेवढं राहिलं.

त्या प्रकरणातला करारही तोंडी होता, आणि संस्थेच्या खर्चात एक रक्कम चक्क 'ऑडिट' म्हणून दाखवलेली होती. म्हणून कामाची हद्द सुरुवातीलाच पत्रात लिहून मालकाची सही घ्या. शंका आली तर लेखी विचारा. माहिती द्यायला तो तयारच नसेल, तर कारण कळवून काम सोडा. आणि आपल्या फीच्या बिलावर चुकूनही 'ऑडिट फी' लिहू नका.