हौदाला आधी कान लावा

मंडळी, येताना मी ही हातोडी सोबत आणली आहे. अर्ध्या किलोची, साधी. अंगणातला पोहण्याचा हौद जुना झाला, तळ पायाला खरखरीत लागू लागला, पोरांचे गुडघे सोलवटू लागले, की मालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘कुठला रंग मारू?’ मी म्हणतो, रंगाचं नंतर बघू. हौद रिकामा झाला की हातोडी घेऊन तळावर बसा आणि वीतभर अंतरावर हलकेच ठोकत जा. गिलाव्यानं खालच्या काँक्रीटला घट्ट धरलं असेल तर ‘टण्’ असा भरीव आवाज येतो. सुटला असेल तिथे भदभद वाजतं. तिथे खडूनं गोल काढा. दोन-तीन तासांत हौदाच्या दुखण्याचा नकाशा तुमच्या डोळ्यांसमोर येतो. गोल दोन-चारच असतील तर तेवढंच फोडून भरता येतं. तळभर पसरले असतील तर जुना गिलावा पूर्ण काढावाच लागतो. पोकळ गिलाव्यावर कितीही महागडा थर चढवा, जुना सुटला की नवाही त्याच्याबरोबर सुटणार.

आपल्या सोलापुरात हौद लवकर का म्हातारा होतो, हे नीट समजून घेतलं पाहिजे. कारण न शोधता केलेली दुरुस्ती दोन उन्हाळेही टिकत नाही.

पहिली गोष्ट जमीन. आपली काळी माती एप्रिल-मेमध्ये हात जाईल इतकी भेगाळते आणि पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते. हौद बांधताना भोवती मुरूम भरला नसेल, तर ही माती दरवर्षी भिंतींना ढकलते आणि सोडते. गिलाव्याच्या केसासारख्या भेगा वेगळ्या, त्या वरच्या वरच असतात. पण एखादी भेग काठावरून निघून भिंतीत उतरत असेल, तर काठावर, पाण्याच्या वर, तिच्यावर आडवी काचेची छोटी पट्टी सिमेंटनं चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. काच तडकली तर भेग अजून हलते आहे. आधी तिचा इलाज करायचा, गिलावा मागाहून. तांबूस डाग दिसत असेल तर आतली सळई गंजते आहे. तिथे सळई उघडी पडेपर्यंत फोडा, घासून साफ करा, गंजरोधक लावा आणि मगच भरा.

दुसरी गोष्ट पाणी, आणि माझ्या मते हेच मुख्य. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद असा घरगुती हौद धरा. आपल्या मे महिन्यात त्यातून दिवसाला सेंटीमीटरभर पाणी सहज उडतं. म्हणजे रोज 320 लिटर. वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात. मग आपण बोअरचं जड पाणी वर ओततो, त्यात पुन्हा क्षार. शिवाय कॅल्शियम कार्बोनेटची गंमत अशी, की पाणी जितकं गरम तितकं ते कमी विरघळतं. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो तो याचमुळे. हौदाच्या पाण्याच्या रेषेवर जो खडबडीत पांढरा पट्टा दिसतो, तो तोच थर.

उलटही होतं. जोराच्या पावसात हौदात मऊ पाणी भरतं. त्याला कॅल्शियमची भूक असते आणि ते गिलाव्यातून ती भागवतं. पृष्ठभाग खाल्ल्यासारखा होतो, खाली बारीक खडी उघडी पडते. पाणी थर चढवणार की गिलावा खाणार, हे मोजण्याची रीत लँगेलियर नावाच्या अमेरिकन अभियंत्यानं 1936 साली मांडली आणि ती आजही चालते. घरच्यांनी तीन आकडे सांभाळले तरी पुष्कळ: पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल हे सांगणारा आकडा, 7.2 ते 7.8, अल्कलिनिटी, म्हणजे पीएच स्थिर धरण्याची पाण्याची ताकद, लिटरला 80 ते 120 मिलिग्रॅम, कॅल्शियमचा जडपणा 200 ते 400 मिलिग्रॅम. दुरुस्तीवर पैसे घालण्याआधी बोअरचं पाणी तपासून घ्या. जडपणा आठशेच्या घरात निघाला, तर तुमचं दुखणं गिलाव्यात नाही.

पाणी उडतंय की गळतंय, याचीही खात्री करा. बादलीत हौदाचंच पाणी भरून ती हौदाच्या पायरीवर, तोंड पाण्याबाहेर राहील अशी, बुडती ठेवायची, आतल्या आणि बाहेरच्या पाण्याच्या पातळीवर खूण करायची. चोवीस तासांनी दोन्ही सारखीच उतरली तर ऊन. हौदाची जास्त उतरली तर गळती. त्या चोवीस तासांत पंप बंद ठेवा आणि कुणाला पोहू देऊ नका.

आता काम कधी काढायचं? पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर लगेच हौद कधीही रिकामा करू नये. भोवतालची माती पाण्यानं भरलेली असते आणि खालून दाब येतो. रिकामा हौद होडीसारखा असतो, अख्खाच्या अख्खा वर उचलला जाऊ शकतो. तळाशी दाब सोडणारा व्हॉल्व्ह आहे का, हे आधी बघा. भर उन्हाळ्यातही नको. रिकामा पडलेला जुना गिलावा उन्हात तडकतो आणि नवा नीट घट्ट होत नाही. मी डिसेंबर धरतो. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेला कारागीर सुट्टी घेणारच, तेव्हा त्याआधी काम उरकून संक्रांतीपर्यंत हौदात पाणी आलेलं बरं.

काढलेलं पाणी गटारात सोडू नका. आपल्या गावात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथे चाळीस हजार लिटर वाया घालवायला मन धजावत नाही. क्लोरीन टाकणं थांबवा. ऊन त्याला तोडतं, पण स्टॅबिलायझर, म्हणजे क्लोरीनला उन्हापासून सांभाळणारं रसायन, वापरत असाल तर वेळ लागतो, म्हणून तपासणीच्या किटवर क्लोरीन शून्य दिसू द्या. मग झाडांना, बांधकामाला पाणी द्या. मिठावर चालणारा, म्हणजे पाण्यात मीठ घालून त्यापासून क्लोरीन बनवणारा हौद असेल तर मात्र झाडांना नको.

वरचा थर कशाचा, यावर मी थोडक्यात बोलतो. इपॉक्सी रंग स्वस्त पडतो, पण आपल्या उन्हात काही वर्षांत त्याची पावडर होऊन हाताला लागते आणि मागून ओल आली तर फोड येतात. पांढरा सिमेंट आणि संगमरवरी भुकटीचा गिलावा चांगला हात लागला तर दहा वर्षं जातो. काचेच्या मोझॅक टाइल्स सर्वांत टिकाऊ, पण सांधे इपॉक्सी ग्राउटनं भरले तरच. माझी पसंती: पाण्याच्या रेषेवर वीतभर टाइल्सची पट्टी, कारण थर तिथेच बसतो आणि टाइल घासून स्वच्छ होते. खाली गिलावा. रंग फिकाच ठेवा. गडद तळ ऊन पितो आणि मे महिन्यात पाण्यात उतरल्यावर गारवा लागत नाही.

गिलाव्याची खरी परीक्षा पहिल्या दिवसाची. सुरुवातीच्या वर्षांत मी एक हौद एप्रिलमध्ये घेतला. मालकांना सुट्टीत नातवंडं येण्याआधी हवा होता आणि मी नाही म्हणालो नाही. सकाळी अकराला माल कालवला. कोरडं वारं सुटलं होतं. गवंडी थापी फिरवत पुढे सरकायचा, तोवर मागचं वाळून पांढरं पडायचं. संध्याकाळी सगळा तळ मातीच्या वाळलेल्या तळ्यासारखा तडकलेला. त्या घरच्या आजी काठावर उभ्या राहून म्हणाल्या, ‘अहो, आमच्या गच्चीवर चुन्याचा कोबा घालायचे, तेव्हा आठ दिवस ओलं गोणपाट उचलत नव्हते. तुम्ही उन्हात उघडंच टाकलंत?’ मी काही बोललो नाही. तो गिलावा सगळा काढला आणि माझ्या खर्चानं डिसेंबरात पुन्हा केला.

तेव्हापासूनची माझी पद्धत अशी. आदल्या दिवशी वर हिरवी शेडनेट बांधायची. वाऱ्याच्या बाजूला कापड लावायचं. गिलावा धरावा म्हणून काँक्रीटला टाचे मारून खरबरीत करायचं, धुऊन, ओलं करून ठेवायचं, पण पाणी साचू द्यायचं नाही. पहाटे पाचला सुरुवात, मालाच्या पाण्यात बर्फ, आणि एवढे गवंडी की दहाच्या आत शेवटचा हात घोटून व्हावा. भिंत आणि तळ मिळतात त्या कोपऱ्यात वाटा, म्हणजे सांध्याची गोलाई, काढायचा, तिथे काटकोन ठेवला की भेग तिथूनच निघते.

मग पाणी. गिलावा घट्ट झाला की, साधारण दुसऱ्या दिवशी, भरायला घ्यायचं आणि मध्ये थांबायचं नाही. थांबलात की भिंतीवर त्या पातळीची रेघ कायमची उमटते. नळावर विसंबून हे होत नाही, म्हणून दहा हजार लिटरचे चार टँकर आधीच ठरवून ठेवा. टँकर थेट वरून ओतू नका. पाइपाच्या तोंडाला जाड कापड बांधून ते सर्वांत खोल जागी ठेवा.

पुढचे 28 दिवस सिमेंट पाण्याखाली घट्ट होत असतं. त्यातून चुना बाहेर येतो, पीएच चढतो. तो रोज मोजायचा आणि आम्ल थोडं-थोडं द्यायचं, आधी बादलीभर पाण्यात आम्ल मिसळून, पाणी आम्लात कधीही नाही. पहिले दोन आठवडे दिवसातून दोनदा मऊ नायलॉनच्या ब्रशनं तळ-भिंती झाडायच्या, म्हणजे सुटलेली भुकटी चिकटून बसत नाही. मीठ महिनाभर अजिबात नाही.

आजींच्या त्या हौदाला आता अकरा वर्षं झाली. गेल्या महिन्यात पाणी खालच्या पायरीपर्यंत उतरवलं आणि मी हीच हातोडी घेऊन भिंती वाजवून आलो. सगळीकडे टण् आवाज आला, फक्त पायरीशेजारी तळहाताएवढी जागा भदभद वाजली. तिथे खडूनं गोल काढून ठेवला आहे. डिसेंबरात फोडू.