गुरांचा डॉक्टर आणि वहीचा डफ

श्रोतेहो, रामराम.

चौतीस वर्षं मी आपल्या खान्देशात गुरांचा डॉक्टर होतो. तापीकाठ, पांझरेकाठ, सातपुड्याच्या पायथ्याची गावं. पगार एकाच कामाचा मिळायचा, पण लोक मला वेगवेगळ्या नावांनी ओळखायचे. कुठे घड्याळवाला डॉक्टर, कुठे पत्रं लिहिणारा, सारंगखेड्याला घोड्याचे दात बघणारा आणि तीन-चार गावांत डफवाला. हे सगळं तुम्हाला कसं जमलं, असं लोक विचारतात. जमलं ते थांबण्यामुळे. गाय अडली की थांबावं लागतं. सलाईन लावली की थांबावं लागतं. गोठ्यातल्या खाटेवर तीन-तीन तास नुसतं काय बसणार? मग घरातलं बंद पडलेलं घड्याळ उघडायचं. सुरतेला कामाला गेलेल्या पोराला आईचं पत्र लिहून द्यायचं. अशी कितीतरी पत्रं मी लिहिली, त्यातला एक शब्दही दुसऱ्या घरी गेला नाही.

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडा घेणारे मला बोलवायचे. बैलाचं तुम्हाला माहीतच आहे: पक्के दात नाहीत तो आदत, दोन आले की दुसा, चार आले की चौसा, सगळे आले की जुळलेला. घोड्याचं पाच वर्षांपर्यंत दातांवरून चांगलं कळतं, पुढे झीज बघून अंदाज करायचा. दलालीचा रुपया घेतला नाही. आता मोबाईलवर फोटो बघून जनावराचा सौदा होतो, हे मला अजिबात मान्य नाही. जनावर उभं बघावं, चालवून बघावं, तोंड उघडून बघावं. फोटोला दात मोजता येत नाहीत.

पण आज सांगायची आहे ती एका रात्रीची गोष्ट.

मार्गशीर्षातली थंडी. पांझरेकाठच्या एका गावात पारावर वही, म्हणजे डफाच्या ठेक्यावर फडाने मिळून गायचं आपलं खान्देशी गाणं, चालली होती आणि मी फडात डफ वाजवत बसलो होतो. नऊ-साडेनऊला एक म्हातारी कंदील घेऊन आली. मला म्हणाली, "जिभाऊ, मन्ही म्हैस वाची जाई ना?" दिवस भरलेली म्हैस सकाळपासून ऊठबस करत होती, पाय झाडत होती, पण पाण्याची पिशवी काही दिसत नव्हती. ही खूण लक्षात ठेवा. दिवस भरलेत, कळा दिसताहेत, आणि पिशवी येत नाही.

मी डफ काखेत मारला आणि तसाच निघालो. हात धुऊन, तेल लावून आत घातला, तर ओलं धोतर पिळल्यावर पडतात तशा वळ्या हाताला लागल्या. गर्भाशयाला पीळ पडला होता, उजव्या बाजूला. म्हशींमध्ये हे बऱ्याचदा होतं आणि बहुतेक वेळा उजवीकडेच होतं. वासरू आत जिवंत होतं; बोट लावलं तर पाय मागे घेत होतं. अशा वेळी ओढायचं नसतं. पुन्हा सांगतो, ओढायचं नसतं. ओढलं तर गर्भाशय फाटतं आणि दोन्ही जीव जातात.

उपाय असा, की ज्या बाजूला पीळ त्याच कुशीवर म्हैस पाडायची. पुढचे पाय एका दोराला, मागचे दुसऱ्या दोराला. पोटावर फळी ठेवायची, तिचं एक टोक जमिनीवर, आणि एका माणसाने तिच्यावर उभं राहायचं. मग म्हैस पाठीवरून झटक्यात त्याच बाजूला फिरवायची. फळीने गर्भाशय जागीच दाबून धरायचं, बाकी म्हैस फिरली पाहिजे, म्हणजे पीळ उलगडतो. सगळा खेळ त्या झटक्याचा.

वहीच्या फडातलीच आठ माणसं दोराला लागली. दाराचं एक फळकुट काढून आणलं. पहिल्यांदा ओढलं, पुढचे आधी आणि मागचे नंतर. म्हैस अर्धी फिरून धपकन परत पडली. दुसऱ्यांदाही तेच. मी हात घालून पाहिलं, वळ्या तशाच. म्हातारी खांबाला धरून उभी होती, काही बोलत नव्हती.

तेव्हा मला सुचलं. डफ थंडीने सैल झाला होता, तो शेकोटीवर धरून ताणून घेतला. माणसांना म्हटलं, आपण रोज ज्या ठेक्यावर गातो तोच वाजवतो, शेवटच्या थापेला सगळ्यांनी एकदम ओढायचं. वहीतली माणसं ती, थाप चुकणं त्यांना माहीतच नाही. मी वाजवलं. शेवटची थाप पडली आणि आठ माणसांचा एकच झटका बसला. म्हैस पूर्ण फिरली. डफ फेकून मी हात घातला, तर वाट मोकळी! पाण्याचा लोंढा माझ्या छातीवर आला. वीस मिनिटांत पारडी बाहेर, पुढचे दोन पाय आणि त्यावर डोकं, सरळ.

म्हातारीने मध्यरात्री आम्हा सगळ्यांना कळण्याची भाकरी आणि हिरव्या वांग्याचं भरीत वाढलं. ओघात सांगतो, भरीत कपाशीच्या काड्यांवर भाजलेलंच खावं आणि लाकडी बडगीत ठेचलेलंच खावं. गॅसवर भाजलेल्या वांग्याला मी भरीत म्हणत नाही.

निवृत्तीनंतर आणखी एक काम गळ्यात पडलं, भोंग्यावर बोलायचं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये लंपीची, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी येणाऱ्या रोगाची, साथ आपल्या राज्यात आधी दिसली ती जळगाव जिल्ह्यातच, रावेर तालुक्यात. लोक दूध ओतून द्यायला लागले होते. मी गाडीला भोंगा बांधून गावोगाव सांगत फिरलो, की लंपी माणसाला होत नाही, दूध उकळून प्या, जनावराला लस द्या. शेळीच्या देवीची लस तेव्हा गाईबैलांना दिली आणि ती उपयोगी पडली.

म्हशीचं पुन्हा एकदा सांगतो. दिवस भरलेत, कळा आहेत, पिशवी दिसत नाही, तर रात्र असो की सण, डॉक्टरला लगेच बोलवा. सकाळची वाट बघू नका. आणि स्वतः ओढू नका.

त्या रात्री जेवण झाल्यावर आम्ही परत पारावर गेलो. वही जिथे थांबली होती तोच चरण गायकाने उचलला. माझ्या हाताचा वास अजून गेला नव्हता. मी डफ पुन्हा शेकला आणि उजाडेपर्यंत वाजवला.