पहाटेची चक्कर

नमस्कार, श्रोतेहो.

आमचे मोठेबाबा पहाटे उठून भलतंच बोलायचे. अंग घामानं ओलंचिंब, हात थरथरते, समोरच्याची ओळख नाही. मोठीआई गुळाचा चहा पाजायची, की पंधरा मिनिटांत माणूस ठिकाणावर. गावात म्हणत, बाहेरचं आहे. अंगारा झाला, धागा झाला. कापूस वेचायच्या दिवसांत उपाशीपोटी वावरात गेले की धुऱ्यावरच बसून राहत. दुखण्याची खूण त्या गुळाच्या चहातच होती, पण दोन वर्षं आमच्या कोणाच्याच ध्यानात आली नाही. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

एके पहाटे गावातल्या आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताई योगानं आमच्या घरीच होत्या. चक्कर आलेली असतानाच त्यांनी बोटातलं रक्त घेऊन यंत्रावर साखर पाहिली. ३८! म्हणजे फारच उतरलेली. मधुमेह नाही, त्याची गोळी नाही, तरी ३८. नागपुरात तपासण्या झाल्या. स्वादुपिंडात साखर उतरवणारं इन्सुलिन तयार करणारी गाठ निघाली, इन्सुलिनोमा. वर्षाला दहा लाखांत १ ते ४ जणांना होते. १० पैकी ९ गाठी साध्या असतात, शस्त्रक्रियेनं काढल्या की माणूस बरा होतो. मोठेबाबांची दहावी होती. ती यकृतात आणि हाडांत जाऊन पोचली होती.

कॅन्सर 'अंगभर पसरला' म्हटलं की आपल्याकडे पेशंटला घरी आणतात, नाहीतर वावर विकायला काढतात. बायाबापड्यांनो, त्याआधी एवढं विचारा : कोणत्या जातीचा? स्वादुपिंडाचा नेहमीचा कॅन्सर फार वेगानं जातो. गाठीचा तुकडा तपासतात त्या बायोप्सीच्या कागदावर मोठेबाबांसारखं 'न्यूरोएंडोक्राइन' लिहिलं असेल, तर तो पुष्कळदा हळू वाढतो. पसरल्यावरही साखर टिकवायला डायझॉक्साइड नावाचं औषध असतं, काहींना महिन्याला ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन, काहींना शिरेतून ल्युटेशियम हे किरणोत्सारी औषध. मुळापासून जाईलच असं नाही, पण काहींना वर्षं मिळतात. मोठेबाबांना तीन मिळाली.

हाडं ठणकू लागली तेव्हा डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं. "नशा लागन नं त्याची," म्हणून आम्ही आठ दिवस गोळी दिलीच नाही. ते आठ दिवस त्यांनी दात आवळून काढले. तुम्ही असं करू नका. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे दुखण्यासाठी दिलेल्या गोळीचं असं भय धरायचं नसतं.

रात्री साखर उतरू नये म्हणून मोठीआई तीन वाजता उठून त्यांना दूध-भाकर चारायची. घरात गजराचं घड्याळ नव्हतं. मोठेबाबा गेल्यावरही कितीतरी दिवस ती तीनला उठून चूल पेटवायची.