पेटीची किल्ली कुणाकडे?

(राष्ट्रीय सुरक्षा सप्ताहात औद्योगिक वसाहतीतल्या व्यवस्थापक आणि सुपरवायझर मंडळींसमोर केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर माझा विषय ‘कामाच्या ठिकाणी प्रथमोपचार प्रशिक्षण कसं असावं’ असा छापलाय. त्यावर येतेच. आधी एक करा. तुमच्या खात्यातली प्रथमोपचार पेटी कुठं आहे हे ज्यांना माहीत आहे, त्यांनी हात वर करा. वा, बरेच हात आहेत. आता तिची किल्ली या क्षणी कुणाकडे आहे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनीच हात वर ठेवा. बघा, पहिल्या रांगेतले साहेब एकटेच उरले, आणि त्यांनी खिशातून किल्ली काढून दाखवली! साहेब, तुम्ही इथं, किल्ली इथं आणि पेटी चाकणला. हसताय, पण आज घरी जाण्याआधी ती किल्ली पोचती करा, एवढं माझं ऐका.

पेटीला कुलूप का लावतात, तेही मला माहीत आहे. बँडेज चोरीला जातं, डोकेदुखीच्या गोळ्या संपतात, ऑडिटला पेटी भरलेली दिसायला हवी. अहो, बँडेज संपलं म्हणजे कुणाचं तरी बोट कापलं. ते कुणाचं आणि कुठल्या मशीनवर कापलं, याची नोंद ठेवा, पुढच्या अपघाताची जागा आधीच कळेल. आणि डोकेदुखीच्या गोळ्या त्या पेटीत असायलाच नकोत. १९४८च्या कारखाने अधिनियमाचं कलम ४५ आठवा, २०२५मध्ये नवी संहिता येईपर्यंत तेच लागू होतं. त्यात म्हटलं होतं, दर १५० कामगारांमागे किमान एक पेटी, ठरवून दिलेल्या वस्तूंखेरीज आत काही ठेवायचं नाही, आणि प्रत्येक पेटी अशा माणसाच्या ताब्यात हवी, ज्याच्याकडे प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र आहे आणि जो कामाच्या वेळात कायम हजर आहे. त्या ‘कायम हजर’पाशीच सगळं अडतं. आपण प्रमाणपत्र कुणाला मिळवून देतो? जो जनरल शिफ्टला असतो, ज्याला दिवसभर वर्गात बसवलं तरी उत्पादन अडत नाही, त्याला.

भोसरीकडच्या एका प्रेस शॉपमधली, म्हणजे पत्रा दाबून भाग काढणाऱ्या कारखान्यातली, गोष्ट सांगते, नाव घेत नाही. मी तेव्हा जवळच्याच एका मोठ्या कारखान्याच्या ॲम्ब्युलन्स रूममध्ये सिस्टर होते. रात्रपाळी चालू होती. गेटवरून फोन आला, ‘सिस्टर, बाहेरचा पेशंट आणलाय, हात गेलाय.’ रिक्षातून तिघांनी एका पोराला धरून आणलं होतं. लातूरकडचा, ठेकेदाराचा हेल्पर, मिसरूडही नीट फुटलेलं नव्हतं. उजव्या हाताची दोन बोटं पॉवर प्रेसमध्ये गेलेली. दोन हातांची बटणं होती म्हणे, दोन्ही दाबली तरच प्रेस चालेल अशी, पण नग भरभर काढायचे म्हणून एक बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवलेलं. तो स्वतंत्र विषय आहे, त्यावर मी बोलायला लागले तर आज जेवण नाही.

जखमेवर कॉटन वेस्ट बांधलेलं. मशीन पुसायचं, तेल लागलेलं. त्याच्या आत कँटीनमधली हळद. मनगटाला सुतळी इतकी आवळलेली की पंजा काळानिळा पडला होता. आणि बरोबरच्या मुलानं माझ्यापुढे स्टीलचा ग्लास धरला. ‘सिस्टर, बोटं आणलीत. बर्फात ठेवलीत.’ कोल्ड्रिंकच्या फ्रीजमधला बर्फ, तो वितळून झालेलं पाणी आणि त्यात तरंगणारी बोटं. तो ग्लास त्यानं रिक्षाभर दोन्ही हातांनी धरून आणला होता. त्याचे हात थरथरत होते, पण पाणी सांडू दिलं नव्हतं त्यानं.

पुढं हॉस्पिटलमध्ये सर्जननी बोटं पाहिली आणि मान हलवली. थेट बर्फानं कातडी आणि नसा मरतात, पाण्यात भिजून फुगतात, मग टाके धरत नाहीत. प्रेसखाली चिरडलेलं बोट दर वेळी जोडता येतंच असं नाही, हे मी मान्य करते. पण इथं तर प्रयत्न करून बघायलाही काही उरलं नव्हतं.

करायला काय हवं होतं? जखमेवर स्वच्छ गॉज, म्हणजे पट्टीचं जाळीदार कापड, दाबून धरायचं, हात छातीच्या वर उचलून ठेवायचा. तुटलेलं बोट ओलसर स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळायचं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. बोटाला बर्फ लागता कामा नये, पाणीही लागता कामा नये. पिशवीवर वेळ लिहायची आणि ती पेशंटच्याच गाडीतून पाठवायची. एवढंच. हे शिकायला पाच मिनिटं लागतात.

नंतर कळलं ते ऐका. त्या शॉपमध्ये पेटी होती, गॉजही होतं. किल्ली टाइम ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, आणि टाइम ऑफिस संध्याकाळी बंद. भिंतीवर फ्रेममध्ये प्रमाणपत्रही होतं, ऑफिसमधल्या एका सज्जन माणसाचं, जो त्या वेळी घरी झोपला होता. धावले ते तिघं ठेकेदाराचे. त्यांना कुणी कधी काही शिकवलं नव्हतं, कारण ते ‘आपल्या रोलवर’, म्हणजे कंपनीच्या हजेरीपत्रकावर, नव्हते. त्या पोरांचा मला आजही राग येत नाही. त्यांनी जे घरी पाहिलं होतं, ते जीव तोडून केलं. राग येतो तो त्या हजेरीपत्रकाचा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतात. म्हणजे मूळ विषय आता भरभर सांगावा लागणार.

प्रशिक्षण कुणाला, तर दर पाळीत, दर लाइनवर निदान दोघांना, आणि त्यात ठेकेदाराची माणसं आलीच पाहिजेत. गेटवरचा वॉचमन, कँटीनचा आचारी, फोर्कलिफ्टवाला यांना आधी घ्या, ही माणसं सगळीकडे फिरतात.

कसं, तर हातानं. हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबायला स्लाइड दाखवून येत नाही. आस्मुंड लेर्डाल नावाच्या नॉर्वेतल्या खेळणी बनवणाऱ्या माणसानं १९६०मध्ये सरावाचा पुतळा तयार केला तो याचसाठी. मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. मोठ्यानं मोजत करून बघा, दोन मिनिटांत घाम फुटतो, म्हणून माणूस बदलायचा. हृदय थांबलं की चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा सुरू होते आणि तेवढ्यात ॲम्ब्युलन्स पोचत नाही. एकानं दाबायला लागायचं, दुसऱ्यानं १०८ फिरवायचा. वर्गात पोरं हळूच विचारतात, ‘सिस्टर, बाई असली तर?’ बाई असली तरी तसंच आणि तितकंच जोरात. हे वर्गात मोठ्यानं बोला, नाहीतर लाइनवरची बाई पडेल आणि सगळे तिच्याभोवती नुसते उभे राहतील.

काय शिकवायचं, ते खातं बघून ठरवा. प्लेटिंगला ॲसिड आहे, तिथं डोळा वाहत्या पाण्याखाली निदान १५ मिनिटं धरायला शिकवा. कँटीनला भाजण्याचं, २० मिनिटं नळाचं पाणी. टूथपेस्ट नाही, शाई नाही, बर्फ नाही. फिट आली तर चप्पल हुंगवायची नाही, तोंडात चमचा घालायचा नाही, कुशीवर वळवायचं. आणि ज्यांच्याकडे ईटीपीची, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करायची, टाकी आहे, त्यांनी हे लिहूनच घ्या, आत कुणी पडला तर मागोमाग उतरायचं नाही. विषारी वायूनं पहिला जातो आणि त्याला काढायला उतरलेले दुसरा आणि तिसराही जातात. बाहेर थांबून हवेचा पुरवठा असलेला मास्क आणि दोर असलेली माणसं बोलवणं, हाच तिथला प्रथमोपचार.

किती वेळा? एकदा दिवसभर वर्ग घेऊन तीन वर्षं विसरून जाऊ नका. तीन ते सहा महिन्यांत हात विसरतात. दर तीन महिन्यांनी पाळी बदलताना २० मिनिटं काढा, पुतळा शॉप फ्लोअरवर आणा, रात्रपाळीलाही आणा. उत्पादनाचा हिशेब मला सांगू नका, त्या २० मिनिटांचा मी करून दिलाय, तुमच्या टेबलावर कागद ठेवलेत.

पुतळे मागच्या खोलीत मांडलेत, दोनच आहेत. चहा घेऊन थेट तिकडे या. पहिल्या रांगेतल्या साहेबांना मी पहिला नंबर दिलाय, त्यांचा फोन झाला असेल तर. किल्लीचा फोन हो.