सर्व्हर कुणाच्या पोटात?

ही कहाणी जावा या प्रोग्रामिंग भाषेत मोठी अ‍ॅप्लिकेशन लिहायच्या दोन वाटांची: एक अधिकृत मानक, दुसरी स्प्रिंग हे फ्रेमवर्क, म्हणजे कोडचा तयार सांगाडा. पडद्यावर दिसतोय तो जावाचा एक क्लास, म्हणजे कोडचा एक घटक. काम एवढंच, की एका खात्यातून रक्कम वजा करायची आणि दुसऱ्यात जमा करायची. पण तो २००३ सालचा, ईजेबी २ च्या (त्या मानकातल्या, सर्व्हरवर चालणाऱ्या घटकांच्या) नियमांनी लिहिलेला आहे. म्हणून सोबत होम इंटरफेस हवा (घटक तयार कसा करायचा ते सांगणारा), रिमोट इंटरफेस हवा (त्याला दुरून हाक कशी मारायची ते सांगणारा), शिवाय मांडणी सांगणारी एक्सएमएल फाइल. खाली पाहा: ईजेबीअ‍ॅक्टिव्हेट, ईजेबीपॅसिव्हेट, ईजेबीरिमूव्ह. तिन्ही मेथड रिकाम्या, नुसते महिरपी कंस. सर्व्हरला हव्यात म्हणून लिहिल्या.

आणि एक ओळ बदलली की पुन्हा बिल्ड (कोडपासून चालणारी फाइल बनवणं), पुन्हा डिप्लॉय (ती सर्व्हरवर चढवणं), मग सर्व्हर उठेपर्यंत वाट पाहा.

तरी लोकांनी हे चालवून घेतलं, त्याला सबळ कारण होतं. पैसे वजा झाले आणि जमा होण्याआधी यंत्रणा पडली, तर दोन्ही नोंदी मागे फिरायला हव्यात. हे ट्रान्झॅक्शन, डेटाबेस कनेक्शनचा पूल (तयार जोडण्यांचा साठा), सुरक्षा, सगळं अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर, म्हणजे असे क्लास चालवणारी यंत्रणा, सांभाळायचा. जावा बनवणाऱ्या सन कंपनीने डिसेंबर १९९९ मध्ये जे२ईई हे मानक आणलं; ईजेबी त्याचाच भाग. बीईएचं वेबलॉजिक, आयबीएमचं वेबस्फिअर आणि ओपन सोर्समधलं जेबॉस हे सर्व्हर ते मानक पाळू लागले. एकदा लिहा, कुठल्याही सर्व्हरवर चालवा, असा वायदा होता. प्रत्यक्षात प्रत्येकाची स्वतःची जादा एक्सएमएल फाइल असायची, आणि सर्व्हर बदलायचा म्हटलं की तिथेच घोडं अडायचं.

२००२ मध्ये प्रोग्रामर रॉड जॉन्सन यांनी जे२ईईवरच्या पुस्तकासोबत स्वतःचा कोड दिला. त्यातूनच मार्च २००४ मध्ये स्प्रिंग १.० आलं. त्यामागचा विचार साधा होता: पैसे हलवणाऱ्या क्लासला सर्व्हरची ओळख कशाला? त्याला लागणाऱ्या वस्तू बाहेरून हातात द्या. मग जेयुनिट या चाचणीच्या साधनात सर्व्हर न उठवताच त्याची चाचणी होते. बहुतेक कामांना टॉमकॅट हा हलका वेब सर्व्हर पुरायचा, तोही फुकट.

मला या सगळ्या कहाणीत सर्वात मोलाची वाटते ती मानकाची प्रतिक्रिया. मे २००६ च्या जावा ईई ५ मध्ये (जे२ईईचंच नवं नाव) ईजेबी ३ आलं आणि होम इंटरफेस गेला, सक्तीच्या रिकाम्या मेथड गेल्या, क्लासच्या डोक्यावर ‘स्टेटलेस’ एवढं एक अ‍ॅनोटेशन (सर्व्हरसाठीची खूण) उरलं. हायबरनेट या डेटाबेसशी जोडणाऱ्या साधनाचे गॅव्हिन किंग तर मानक ठरवणाऱ्या गटातच होते. त्यांच्या कामाचा ठसा जेपीएवर, म्हणजे मानकातल्या डेटाबेसच्या भागावर, स्पष्ट दिसतो. प्रतिस्पर्ध्याकडून शिकायला मोठं मन लागतं, आणि त्याचा लाभ दोन्हीकडच्या प्रोग्रामरना झाला.

स्प्रिंगच्याही एक्सएमएल फाइली पुढे फुगल्याच. २०१४ मध्ये स्प्रिंग बूट १.० आलं आणि चित्र उलटं झालं. आता आपलं अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरच्या आत जात नाही, टॉमकॅटच जार फाइलच्या (अ‍ॅप्लिकेशनच्या एकत्र बांधलेल्या फाइलच्या) आत येतो. एक कमांड दिली की सेवा सुरू. क्लाउडमध्ये सेवा झटपट उठायला हवी, म्हणून २०१९ मध्ये आलेल्या क्वार्कस या फ्रेमवर्कने सुरुवातीची बरीचशी कामं बिल्डच्या वेळीच उरकायला घेतली.

तरीही निवड करताना माझी पहिली नजर वेगाच्या आकड्यांकडे जात नाही. व्यवहाराचे नियम लिहिलेला क्लास उघडावा आणि वरच्या इम्पोर्ट ओळींत, म्हणजे बाहेरून काय लागतं ते सांगणाऱ्या ओळींत, फ्रेमवर्कचं नाव किती वेळा येतं ते पाहावं; जितकं कमी, तितकं बरं.

२०१७ मध्ये सन विकत घेतलेल्या ओरॅकलने जावा ईई एक्लिप्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे सोपवायचं ठरवलं. त्याचं जकार्ता ईई झालं, आणि २०२० मध्ये पॅकेजच्या नावातलं ‘जावाएक्स’ जाऊन ‘जकार्ता’ आलं. नोव्हेंबर २०२२ च्या स्प्रिंग ६ नेही तेच नाव स्वीकारलं. स्प्रिंगच्या वेब भागाचा, म्हणजे स्प्रिंग एमव्हीसीचा, पाया आजही त्याच मानकातला, वेबवरच्या विनंत्या हाताळणारा सर्व्हलेट आहे.