मोजणीचे आजार

(इंदूर येथे मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

चाळिशी ओलांडलेला माणूस सकाळी पोहे खायला बसतो आणि चमचा तोंडाशी नेताना हात थरथरतो. हात मांडीवर निवांत ठेवला की थरथर थांबते. काही महिन्यांनी धनादेशावरची सही जुळेनाशी होते. घरचे म्हणतात, कंपवात. पण कंपवाताची थरथर बहुधा हात स्वस्थ असताना दिसते आणि काम करताना कमी होते. इथे उलटे आहे. मग दुसरे नाव पुढे येते, ‘इसेन्शियल ट्रेमर’. अनेकदा ते बरोबरही असते. मात्र याच लक्षणाने सुरू होणारा एक तिसरा आजार आहे. त्याचे नाव स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया प्रकार १२, म्हणजे एससीए-१२. अटॅक्सिया म्हणजे तोल आणि हालचालींचा ताळमेळ बिघडणे, आणि एससीए हा अशा आनुवंशिक आजारांचा गट. जगात तो अगदी विरळ आहे, पण भारतात, विशेषतः उत्तर भारतीय कुटुंबांत, तो लक्षात ठेवावाच लागतो.

आज या आजाराबद्दल आणि तो शोधण्याच्या पद्धतीबद्दल बोलायचे आहे. त्यासाठी जनुकशास्त्रज्ञ डॉ. मिताली मुखर्जी यांच्या कामाचा धागा मी हाती धरणार आहे, कारण मेंदूचे आजार आणि लोकसमूहांचा जनुकीय अभ्यास हे दोन विषय त्यांच्या कामात एकाच प्रश्नातून वाढले. डीएनएचा जो भाग प्रथिन घडवत नाही, किंवा प्रथिनाचा अर्थ बदलत नाही, तो नेमके काय करतो, हा तो प्रश्न.

बेंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी पीएच.डी. केली ती ई. कोलाय या जीवाणूवर. ‘बीजीएल’ नावाचा त्यातला जनुकसमूह धडधाकट असूनही गप्प बसलेला असतो. दोष जनुकात नसतो, त्याच्या शेजारच्या नियंत्रक भागामुळे तो बंद राहतो. पुढे दिल्लीत, आज जिला आयजीआयबी (इन्स्टिट्यूट ऑफ जीनोमिक्स अँड इंटिग्रेटिव्ह बायोलॉजी) म्हणतात त्या संस्थेत, शास्त्रज्ञ समीर ब्रह्मचारी यांच्यासोबत काम करताना त्या माणसाच्या डीएनएतल्या पुनरावृत्तींकडे वळल्या. विषय बदललेला दिसतो, पण प्रश्न तोच राहिला.

पुनरावृत्ती म्हणजे काय? डीएनएची अक्षरे तीन-तीनच्या गटाने वाचली जातात. सीएजी हा गट ग्लुटामिन या अमिनो आम्लासाठी असतो. काही जनुकांत तो एकामागे एक पुन्हा पुन्हा येतो. डीएनएची प्रत निघताना या पट्टीत यंत्रणेचा पाय घसरतो आणि पुढच्या पिढीत संख्या वाढू शकते. एका मर्यादेपलीकडे गेली की आजार. ही मर्यादा प्रत्येक जनुकाची वेगळी, हे नीट लक्षात घ्या. एससीएच्याच सहाव्या प्रकारात, एससीए-६ मध्ये, २० म्हणजे आजार. एससीए-३ मध्ये ४० म्हणजे पूर्ण निरोगी. हंटिंग्टन या मेंदूच्या आजारात ४० किंवा अधिक असतील तर आयुष्यात कधीतरी आजार होणारच, ३६ ते ३९ मध्ये होईलच असे नाही. म्हणून ‘माझ्या अहवालात ३८ आलेत, काळजीचे आहे का’ या प्रश्नाला जनुकाचे नाव कळल्याशिवाय उत्तर देऊ नये.

एससीए-२ च्या जनुकात एक सुंदर गोष्ट आहे. निरोगी माणसांत तिथे बहुधा २२ गट असतात, आणि त्यांची नेहमीची मांडणी अशी: ८ सीएजी, मग १ सीएए, ४ सीएजी, पुन्हा १ सीएए, शेवटी ८ सीएजी. सीएएसुद्धा ग्लुटामिनच देतो, म्हणजे प्रथिनात काडीचाही फरक पडत नाही. मग तो तिथे करतो काय? खुंटीचे काम करतो. लांबलचक एकसारखी पट्टी घसरते, मध्ये खुंट्या असल्या की घसरण अडते. मुखर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये भारतीय नमुन्यांवरून दाखवले की या खुंट्या गेल्या की पट्टी अस्थिर होते. अर्थ तोच राहून स्थैर्य बदलते, हे मला त्यांच्या कामातले सर्वांत मोलाचे निरीक्षण वाटते. प्रयोगशाळेसाठीही याचा थेट उपयोग आहे. एससीए-१ मध्ये ३९ ते ४४ च्या पट्ट्यात नुसता आकडा पुरत नाही. मध्ये सीएटीच्या खुंट्या असतील तर तो निरोगी, अखंड सीएजी असतील तर आजाराचा. तिथे क्रम वाचावाच लागतो.

आता एससीए-१२. हा १९९९ मध्ये अमेरिकेतल्या जर्मन वंशाच्या एका कुटुंबात सापडला. पाचव्या गुणसूत्रावरच्या पीपीपी२आर२बी या जनुकात सीएजी वाढलेले होते, पण प्रथिन घडवणाऱ्या भागात नव्हे, त्याच्या आधीच्या भागात. २००१ मध्ये दिल्लीच्या डॉक्टरांनी आणि संशोधकांनी पाच भारतीय कुटुंबांतून तो नोंदवला. नंतर असे दिसले की यातली बरीच कुटुंबे अग्रवाल समाजातली आहेत, आणि २००५ मध्ये मुखर्जी यांच्या गटाने त्याचे कारण पुढे आणले. वाढलेल्या पट्टीच्या आजूबाजूच्या डीएनएच्या खुणा या कुटुंबांत सारख्याच होत्या. म्हणजे बदल ठिकठिकाणी नव्याने झालेला नाही, फार पूर्वीच्या एका पूर्वजाकडून तो आला आहे.

हे ऐकून कुणी एका समाजाकडे बोट दाखवू नये. समाजातल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या लग्ने झाली की एखाद्या पूर्वजाचा बदल त्याच वर्तुळात फिरत राहतो. सगोत्र टाळले तरी वर्तुळ तेच राहते. आपली मराठी घराणी होळकरांच्या काळात माळव्यात आली, त्यांनाही हे गणित लागू आहे. फरक एवढाच की अग्रवाल कुटुंबांचा अभ्यास झाला, आणि त्यांना त्याचा फायदाच झाला. एमएलसी नावाचा बालकांचा आजार, ज्यात डोके मोठे होते आणि मेंदूचा पांढरा भाग बिघडतो, तोही याच समाजात एका ठरावीक बदलामुळे आढळतो. कोणता बदल शोधायचा हे ठाऊक असल्याने तिथे तपासणी सोपी होते.

याच कारणाने ‘इंडियन जीनोम व्हेरिएशन’ प्रकल्प महत्त्वाचा होता आणि मुखर्जी यांचा त्यात मोठा वाटा होता. २००८ च्या निबंधात ५५ लोकसमूह, १,८७१ माणसे, ७५ जनुके आणि डीएनएतल्या ४०५ जागा (जिथे माणसामाणसांत अक्षर वेगळे असते) तपासलेल्या आहेत. आजच्या मानाने ४०५ जागा थोड्या वाटतील. पण ‘भारतीय’ हा एकच गट धरून रुग्णांची तुलना केली तर निष्कर्ष फसतो, हे त्यातून कळले. रुग्ण एका समूहाचे आणि निरोगी माणसे दुसऱ्या समूहाची घेतली, तर आजाराचा म्हणून जो फरक हाती येतो तो खरे तर समूहांमधलाच फरक असू शकतो. २०१० मध्ये त्यांना वैद्यकशास्त्रासाठी शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. आयुर्वेदाच्या डॉक्टर भावना प्रशेर यांच्यासह त्यांनी आयुर्वेदातल्या प्रकृतींचा जनुकीय अभ्यासही केला. तो विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे.

प्रयोगशाळेत मोजणी कशी होते आणि कुठे चुकते, याकडे येऊ. रक्त ३ ते ५ मिलिलिटर, जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत घ्यायचे. हिरव्या टोपणाची हेपरिनची नळी नको, हेपरिन पीसीआर, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची क्रिया, अडवते. नळी हलवायची नाही, आठ-दहा वेळा हळूच उलटसुलट करायची, नाहीतर गुठळी होते. नाव आणि दुसरी एक ओळख रुग्णासमोरच लिहायची. इंदूरच्या मे महिन्यात नमुना दुसऱ्या शहरात पाठवायचा असेल तर थंड पाकिटे ठेवा, पण नळी कागदात किंवा कापसात गुंडाळून. बर्फगार पाकीट थेट टेकले की रक्तपेशी फुटतात.

डीएनए काढल्यावर पट्टीच्या दोन्ही बाजूंना प्रायमर (जिथून प्रत काढायला सुरुवात होते ते डीएनएचे छोटे तुकडे) लावून मधला तुकडा वाढवतात आणि त्याची लांबी मोजतात. समजा तुकडा २३० अक्षरांचा आला आणि बाजूची अक्षरे ८० असतील, तर उरली १५०, भागिले ३, म्हणजे ५० गट. हिशेब सोपा आहे, चुका त्याआधी होतात. पहिली चूक सर्वांत धोक्याची. प्रत्येकाकडे आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन प्रती असतात, म्हणून आलेखावर दोन शिखरे अपेक्षित. एकच शिखर दिसले तर दोन अर्थ होतात: दोन्ही प्रती सारख्या लांबीच्या आणि निरोगी, किंवा लांब प्रत वाढलीच नाही. पीसीआरला आखूड तुकडा सोपा जातो, लांब पट्टी स्वतःवरच दुमडून बसते. अशा वेळी ‘निरोगी’ लिहून मोकळे होणे ही गंभीर चूक आहे. तिथे ट्रिप्लेट-प्राइम्ड पीसीआर करायचा. त्यात एक प्रायमर पुनरावृत्तीच्या आतच बसतो आणि लांब पट्टी असेल तर तीन-तीन अक्षरांच्या पायऱ्यांची उतरती शिडी दिसते. शिडी दिसली म्हणजे वाढ आहे, नेमका आकडा नंतर काढता येतो.

दुसरी चूक लहान, पण त्रासदायक. सीएजीची पट्टी, लांबी मोजण्यासाठी डीएनए ज्या बारीक नळीतून पळवतात त्या नळीत, तेवढ्याच लांबीच्या साध्या डीएनएपेक्षा थोडी पुढे पळते, म्हणून आकडा कमी येतो. उपाय म्हणजे क्रम वाचून खात्री केलेले नमुने प्रत्येक फेरीत सोबत चालवणे. असे नियंत्रण नमुने नसतील तर सीमेवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

तिसरी चूक गेल्या काही वर्षांत वाढली आहे. कुटुंब मोठा खर्च करून एक्सोम तपासणी करते, अहवालात ‘काही आढळले नाही’ येते आणि सगळे निर्धास्त होतात. एक्सोम मुख्यतः प्रथिन घडवणारा भाग वाचते. एससीए-१२ ची पट्टी त्या भागाबाहेर आहे, फ्रीड्रायख अटॅक्सियाची तर जनुकाच्या मधल्या, वगळल्या जाणाऱ्या तुकड्यात. शिवाय नेहमीचे यंत्र एका वेळी साधारण १५० अक्षरे वाचते. ७० गटांची पट्टी २१० अक्षरांची, ती एका वाचनात मावतच नाही. म्हणून तोल जाणे किंवा काम करताना हात थरथरणे हे लक्षण असेल आणि घरात तसाच आणखी कुणी असेल, तर पुनरावृत्तींची तपासणी आधी सांगावी, एक्सोम नंतर.

घरात आणखी कुणी आहे का, हे कळायला वंशावळ लागते. आपल्याकडे कुलवृत्तांत छापण्याची छान परंपरा आहे, पण त्यात जन्म, विवाह, पदव्या असतात, आजार नसतात. डॉक्टरांकडे जाताना निदान तीन पिढ्या कागदावर मांडून न्या. ‘म्हातारपण होते’ एवढे लिहू नका. हात कोणत्या वयात थरथरू लागला, काठी कधी लागली, बोलणे अडखळत होते का, स्मरणशक्ती गेली का, आणि ती व्यक्ती कोणत्या वयात व कशाने गेली, हे विचारून लिहा. आजोळची बाजू सुटते, ती मुद्दाम विचारा.

एससीए-१२ मध्ये बाधित व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला तो बदल मिळण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो वा मुलगी. आजार सावकाश वाढतो. थरथरीवर प्रोप्रॅनोलॉलसारख्या औषधांनी काहींना आराम पडतो, तोल सांभाळायला व्यायामोपचार उपयोगी पडतो. आजार थांबवणारे औषध आज नाही. म्हणूनच लक्षणे नसलेल्या नातेवाइकाची तपासणी घाईने करू नये. आधी समुपदेशन, मग विचाराला वेळ, मग रक्त, आणि अहवाल समोरासमोर, सोबत विश्वासाचे माणूस असताना. अठरा वर्षांखालच्या मुलांची अशी तपासणी आईवडिलांच्या आग्रहानेही करायची नाही. ज्याचे आयुष्य, त्यानेच ठरवायचे. लग्न जुळवताना समोरच्या पक्षाने तपासणी मागणे तर सर्वथा अयोग्य आहे. विम्याबद्दल विचारले जाते, म्हणून सांगतो: केवळ जनुकीय प्रवृत्तीच्या आधारे आरोग्यविम्यात भेदभाव करणे घटनाबाह्य आहे, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला होता; त्याच्या काही भागाला पुढे सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली.

अहवाल हाती आला की चार गोष्टी पाहा. कोणती जनुके तपासली त्यांची नावे, दोन्ही प्रतींचे आकडे, एकच आकडा असल्यास दुसऱ्या पद्धतीने खात्री केली की नाही, आणि त्या प्रयोगशाळेने निरोगी व आजाराची मर्यादा कुठे धरली आहे. यांतली एखादी जरी नसेल तर अहवाल परत पाठवून मागून घ्या.