हातचा कुठून येतो?

नमस्कार श्रोतेहो.

मध्यंतरी एका हळदीकुंकवाला गेले होते, इथे कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला. वाण लुटून झालं, आणि एका नव्यानंच इकडे आलेल्या मुलीनं मला कोपऱ्यात गाठलं. "ताई, तुम्ही दुसरीला शिकवता ना? मी कम्युनिटी कॉलेजचा दोन वर्षांचा टीचर्सचा कोर्स करते, म्हणजे लगेच शाळेत लागता येईल."

तिच्या डोक्यात काय होतं ते मला नेमकं कळलं, कारण पंधरा वर्षांपूर्वी माझ्याही डोक्यात तेच होतं. आमच्या सांगलीकडे बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एड. केलं की माणूस 'गुरुजी' नाही तर 'बाई' व्हायचा. आता त्याला डी.एल.एड. म्हणतात, वर पात्रता परीक्षाही असते, पण वर्षं दोनच. कॅलिफोर्नियात तसं नाही. इथल्या कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षं म्हणजे निम्मी वाट. त्यानंतर ट्रान्स्फर घेऊन विद्यापीठात पदवी, आणि बहुतेकांसाठी पदवीनंतर साधारण वर्षभराचं शिक्षक-प्रशिक्षण. त्यात सहाशे तास प्रत्यक्ष वर्गात. मग प्राथमिक शिक्षकाचा परवाना, तोही आधी पाच वर्षांपुरता. पाळणाघर-बालवाडीचं वेगळं, तिथे बालविकासाच्या ठरावीक युनिटांवर, म्हणजे श्रेयांकांवर, काम मिळू शकतं. सरकारी शाळेत मात्र किंडरगार्टनपासूनच पदवी हवी.

हे ऐकून त्या मुलीचा चेहरा उतरला. मी म्हटलं, थांब, अजून पैशांचं सांगितलेलं नाही.

राज्याच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात एका युनिटचे ४६ डॉलर पडतात. २०१२ पासून हा आकडा तसाच आहे. इथे दुधाचा भाव तरी इतका स्थिर राहिलाय का? साठ युनिटांचे २,७६० डॉलर झाले, पुस्तकं वेगळी. रहिवासी ठरायला वर्षभर इथे राहिल्याचे पुरावे लागतात, नाहीतर फी कितीतरी पटींनी वाढते. आणि एच-फोरवर, म्हणजे नोकरदार जोडीदारासोबतच्या व्हिसावर, आलेल्या मैत्रिणी नेहमी विचारतात म्हणून सांगते, त्या व्हिसावर शिकायला आडकाठी नाही. नोकरीसाठी मात्र वर्क परमिट लागतं.

"कम्युनिटी कॉलेज म्हणजे जरा कमी दर्जाचं" असं आपल्या मंडळींत हळूच बोललं जातं. मुलाला तिथे घातलं तर भिशीत सांगत नाहीत! पण १९६० साली कॅलिफोर्नियानं उच्च शिक्षणाचा जो आराखडा केला, त्यात हा जिना मुद्दाम बांधलेला आहे. खालचं दार सगळ्यांना उघडं, आणि तिथून वर चढायची सोय. शिवाय ज्या स्टेट युनिव्हर्सिटीत आपण पुढे जातो, तिचं मूळही शिक्षकांच्याच शाळेत आहे. १८५७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत शिक्षकांसाठी संध्याकाळचे वर्ग सुरू झाले. ती शाळा पुढे सॅन होजेला गेली, आणि आज तिथे सॅन होजे स्टेट आहे.

पण मला या कॉलेजबद्दल खरी माया आहे ती दोन वर्गांमुळे.

पहिला, प्राथमिक शिक्षकांसाठीचं गणित. मी मनात म्हटलं, मला काय शिकवणार, मी पावकी-निमकी म्हणणाऱ्या आजोबांची नात! पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर लिहिलं, बत्तीस वजा चौदा. पण अट अशी की दहाचे गठ्ठे करायचे नाहीत, पाचाचे करायचे. म्हणजे 'बत्तीस' हे तीन गठ्ठे नि दोन सुटे, सतराच. 'चौदा' म्हणजे नऊ. माझा हात आपोआप दहाचा हातचा घेऊन मोकळा झाला आणि उत्तर चुकलं. हातचा पाचाचा घ्यायचा होता. उत्तर एक गठ्ठा, तीन सुटे. आयुष्यभर हातचा घेत आले, पण तो कुठून येतो हे चौतिसाव्या वर्षी पहिल्यांदा दिसलं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'बाहत्तर'च्या जोडीला 'सत्तर दोन' आलं आणि सगळा महाराष्ट्र तुटून पडला, तेव्हा मला हाच वर्ग आठवला. मला स्वतःला 'बाहत्तर'च गोड वाटतं, पण पुस्तकवाल्यांना काय म्हणायचं होतं ते समजलं.

दुसरा वर्ग, प्राथमिक शिक्षणाची ओळख. त्यात सरकारी शाळेच्या वर्गात पंचेचाळीस तास बसावं लागतं. पदवीच्या आधी, पहिल्या वर्षीसुद्धा. मी दुसरीच्या वर्गात मागे छोट्या खुर्चीवर बसले होते. एका मुलानं बावन्न वजा सत्तावीस केलं आणि लिहिलं पस्तीस. मी चूक म्हणून मोकळी होणार, तेवढ्यात बाईंनी त्याला विचारलं, कसं केलंस? तो म्हणाला, मोठ्यातून लहान वजा करायचं, सातातून दोन, पाचातून दोन. बरोबरच होतं की त्याचं! नियम त्यानं प्रामाणिकपणे पाळला होता. माझ्यासोबत बसणाऱ्या एका मुलीनं मात्र वीस तासांनंतर नाद सोडला, तिला गोंगाट सोसेना. तिचे त्यात काहीशे डॉलर गेले. हे तिला चौथ्या वर्षी उमगलं असतं तर?

आता माझी चूकही सांगते. युनिट म्हणजे सुटे पैसे नव्हेत, सगळीकडे चालत नाहीत. माझ्या अभ्यासक्रमाच्या यादीत होता जगाचा प्रादेशिक भूगोल, आणि मी वेळ सोयीची म्हणून घेतला नैसर्गिक भूगोल. मार्क उत्तम, पण माझ्या अभ्यासक्रमात त्याचा उपयोग शून्य. 'असिस्ट' नावाच्या सरकारी संकेतस्थळावर कोणत्या कॉलेजचा कोणता विषय कोणत्या विद्यापीठात धरतात, ते दिसतं. मी ते पाहिलंच नव्हतं. तेव्हा आधी विद्यापीठ ठरवा, मग पहिला विषय निवडा. ट्रान्स्फरसाठीची खास असोसिएट, म्हणजे कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची, पदवी आहे, २०१० च्या कायद्यानं आलेली. तिच्यामुळे स्टेट युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला जागा नक्की मिळते. पण कुठल्यातरी कॅम्पसवर! घराजवळच्याच कॅम्पसची हमी नाही. मुलं लहान असतील तर हे काउन्सेलरला पहिल्या भेटीतच विचारा.

आणि हो, त्या पंचेचाळीस तासांच्या आधी बोटांचे ठसे आणि टीबीची चाचणी मागतात. आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणी बीसीजीची लस दिलेली असते, त्यामुळे हातावर सुई टोचून करतात ती चाचणी फुगून येऊ शकते आणि मग छातीचा एक्स-रे काढा म्हणतात. डॉक्टरांना लस सांगा आणि रक्ताची चाचणी मागा. माझे तीन आठवडे त्यातच गेले होते, आणि तोवर दुसरीचा वर्ग वजाबाकीपर्यंत येऊन पोचला होता.